पात्र असं का वागतं, हे ओळखायचं कसं?

लेखक थेट सांगत नसेल तर पात्राच्या मनातलं कसं कळणार आणि अलंकारिक वाक्यांचा अर्थ कसा लावायचा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते हे दोन प्रश्न नसून एकच आहे.

समजा गोष्टीत वाक्य आहे: ‘वडिलांचं पत्र त्याच्या खिशात निखाऱ्यासारखं होतं.’ इथे ‘सारखं’ दिसलं, म्हणजे उपमा, असं म्हणून पुढे जाऊ नका. (परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतात, ही वेगळी गोष्ट.) निखाऱ्याचा कोणता गुण उचललाय? उजेड नाही, ऊब नाही, चटका. पत्र जवळ ठेववत नाही आणि टाकवतही नाही. पुढे तो ते न उघडताच घरी येतो आणि बहिणीला म्हणतो, “वाचायला वेळच नाही मिळाला.” बोलणं एक, वागणं दुसरं. खरं कारण बहुधा याच फटीत असतं: आत काय लिहिलं असेल याची त्याला धास्ती आहे, पण वडिलांशी उरलेला धागाही तोडायचा नाही.

‘तो घाबरट आहे’ हा स्वभाव झाला, हेतू नव्हे. हेतू शोधताना त्याला काय हवंय आणि काय गमवायची भीती आहे, ते विचारा.

आणि हो, ‘पोटात गोळा आला’सारखे रुळलेले वाक्प्रचार फार खणू नका. लेखकाने स्वतः घडवलेली प्रतिमा पुन्हा डोकावली, तर मात्र थांबा. शेवटी तेच पत्र ‘राखेसारखं’ झालं असेल, तर मधल्या पानांत त्याच्या मनात काहीतरी विझलंय.