रिपोर्ट नॉर्मल आले, मग दुखतं कुठं?

"म्याडम, सोनोग्राफी झाली, शुगर पाहिली, डोक्याचा फोटो काढला. काहीच निघत नाई. मग ही नाटक करते काय?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक म्हणून बसते. हा प्रश्न मला कधी नवरा विचारतो, कधी मोठा मुलगा, कधी सासू. विचारणारा वाईटच असतो असं नाही. मजुरी बुडवून, उसनवारी करून तो तीन-चार दवाखाने फिरलेला असतो. त्याला आजाराचं नाव हवं असतं आणि ते कुणी देत नाही. या प्रश्नाला माझं उत्तर काय, ते एका बाईची गोष्ट सांगूनच नीट सांगता येईल. तिची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तिला वहिनी म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

डिसेंबरचे दिवस होते, कापसाचा दुसरा वेचा चालू होता. नवरा पुढे, वहिनी दोन पावलं मागे. रिपोर्टांची जाड चळत सरकीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घातलेली. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातपाय गळतात, सात-आठ महिने झाले, हे सगळं नवऱ्यानेच सांगितलं. वहिनी हात पदराखाली घेऊन बसली होती. पदर सरकला तेव्हा बोटं दिसली. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडेला चिरा पडलेल्या, त्यात काळी माती बसलेली. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात खिडकीवरच्या माणसाने लिहिलं होतं : गृहिणी.

नवऱ्याला मी बाहेर चहा घेऊन यायला सांगितलं. पहिली पंधरा मिनिटं मी एकटीशी बोलते, हा माझा नेमच आहे.

"तुम्हाला कसं वाटतं?" असं मी अशा वेळी विचारत नाही. वाटण्याबद्दल तिला आजवर कुणी विचारलेलं नसतं, मग ती "बरं आहे" म्हणून मोकळी होते. मी विचारलं, "कालचा दिवस सांगा. उठल्यापासून."

साडेचारला उठणं. शेण काढणं, चूल, पाणी भरणं. पाच माणसांच्या भाकरी, दोन डबे. आठच्या आत शेतात, कारण ऊन चढलं की वाळलेला पाचोळा कापसाला चिकटतो आणि घरी आल्यावर तो वेगळा निवडत बसावा लागतो. कमरेला ओटी बांधून संध्याकाळपर्यंत वाकून वेचायचं. येताना डोक्यावर पऱ्हाटीच्या काड्या. मग पुन्हा चूल. रात्री साडेदहाला पाठ टेकते आणि तीनला जाग येते, ती मग लागतच नाही. "अंधारात आढ्याकडे पाहत पडते जी. कशातच मन लागत नाई. लेकरू हसलं तरी मले काई वाटत नाई."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी पेन खाली ठेवलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असणं, कशातच गोडी न वाटणं, पहाटे लवकर जाग येणं, भूक आणि ताकद जाणं, ही नैराश्याची लक्षणं आहेत. आपल्याकडच्या शेतकरी बाईच्या तोंडी "उदास" हा शब्द क्वचित येतो. ती डोकं दुखतं म्हणते, जीव घाबरतो म्हणते. दुखणं तिला खरोखरच जाणवत असतं. मनावरचा ताण झोप मोडतो, मानेचे स्नायू आखडतो, छाती धडधडवतो, आणि सोनोग्राफीत यातलं काही दिसत नाही.

मी सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. वहिनी बराच वेळ रडली आणि म्हणाली, दोनदा आलं मनात. मग पहिलं काम ठरलं. फवारणीचं सगळं औषध त्याच दिवशी घरातून हलवायचं, कुलपात ठेवायचं आणि किल्ली घरच्या दुसऱ्या माणसाकडे द्यायची. नवऱ्याला आत बोलावून, वहिनीला विचारूनच, मी हे सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. नाटकाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आता त्या नॉर्मल रिपोर्टांविषयी. मी एकेक कागद उलटला. सात महिन्यांपूर्वीच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन होतं ८.६. बाईला १२ तरी हवं. नवरा म्हणाला, "बायांचं तेवढंच असते म्हणाले." माझा खरा राग इथे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. इतक्यांना आहे, म्हणून ते साधं धरायचं? एवढ्या रक्तावर दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईला धाप लागणार आणि धडधडणारच. पाळीत अंगावरून किती जातं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलं, तपासलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, हेही सांगितलं. ती रोज सकाळच्या चहाबरोबरच घेणार होती.

मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं औषध दिलं. ते डोकेदुखीच्या गोळीसारखं तासाभरात काम करत नाही, दोन-तीन आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळही होते. हे मी दोनदा सांगूनही पाचव्या दिवशी तिने गोळी बंद केली. शेजारणीने "ह्या गोळ्या येड्यायच्या असतात" म्हटलं होतं. गावातल्या आशाताई चार वेळा घरी गेल्या तेव्हा गाडी रुळावर आली.

तिसऱ्या भेटीत दोघांना समोर बसवलं. माझ्या टेबलात तुरीच्या दाण्यांची एक डबी असते. चोवीस दाणे, एक दाणा म्हणजे एक तास. नवऱ्याला म्हटलं, वहिनींचा दिवस मांडा. त्याने झोपेला आठ ठेवले, स्वयंपाकाला चार, घरकामाला तीन. शेतापाशी येऊन थबकला. "शेतात येते ती, हात लावते," म्हणाला आणि चार ठेवले. उरलेले पाच कुठे ठेवायचे ते त्याला सुचेना.

वहिनीने काही न बोलता दाणे सरकवायला सुरुवात केली. झोपेचे पाच उरले. शेताचे नऊ झाले. मग तिचाच हात थांबला. "म्याडम, पुरत नाई. भाकरी टाकता टाकता पाणी भरते मी, तो दाणा कोठी ठेवू?"

नवरा चिडला. "मंग मी काय बसून राह्यतो? हरभऱ्याले पाणी द्याले रात्रीच्या लाईनवर मीच जातो." खरंच होतं ते. थंडीत रात्री दोनला मोटर चालू करायला जाणारा, बँकेचं पीककर्ज डोक्यावर असलेला माणूसही थकलेलाच होता. मी त्याचेही दाणे मांडायला लावले. कोण जास्त राबतं याचा निवाडा मला करायचा नव्हता. तिच्या कामाला दोघांनी मिळून काम म्हणावं, एवढंच हवं होतं. त्यातून एक गोष्ट निघाली, संध्याकाळचं पाणी तो भरणार. पुढे कळलं, तो अंधार पडल्यावर भरायचा, कुणी पाहू नये म्हणून. मी त्यालाही चांगलंच म्हणते. पाणी भरलं जात होतं.

एकदा वहिनी म्हणाली, "राबतो आम्ही, हप्ता बाबाच्या खात्यात येतो." पाच एकर अजून सासऱ्यांच्या नावावर. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये ज्याच्या नावावर जमीन त्यालाच मिळतात, पीककर्जालाही सातबारा लागतो. ज्या मातीत तिचं आयुष्य चाललंय, तिच्या एकाही कागदावर तिचं नाव नाही. हे मनाच्या आजाराचं एकमेव कारण असं मी म्हणणार नाही. पण "माझं इथे काय आहे?" हा प्रश्न पहाटे तीनला ज्या बायकांना छळतो, त्यांच्यापैकी कितीतरी जणींना मी ऐकलं आहे. नवरा गेल्यावर त्याच शेताच्या बांधावर परक्यासारख्या उभ्या राहिलेल्या बायकाही याच जिल्ह्यात पाहिल्या आहेत.

१९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की नवऱ्यांनी आपण होऊन बायकोला जमिनीत वाटा द्यावा. १९९२ च्या शासन परिपत्रकानुसार जमीन नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं, त्याला शुल्क नाही. गावागावांत हे अजून माहीत नसतं. वहिनीच्या घरी तर नवऱ्याचंच नाव लागलेलं नव्हतं, त्यामुळे मी दिलेली माहिती तिला लगेच उपयोगी पडणार नव्हती.

तुमच्या घरात अशी बाई असेल, तर तिचे रिपोर्ट पुन्हा काढून हिमोग्लोबिनचा आकडा आधी वाचा. तिला कालचा दिवस विचारा आणि मधे न बोलता ऐका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतही.

जुलैत वहिनी एकटीच एसटीने आली. डोकं अधूनमधून दुखतं, पण पहाटेची झोप लागते आहे. हिमोग्लोबिन १०.९. सरकी लावून झाली होती आणि मधल्या दोन ओळींत बरबटी, म्हणजे चवळी, टाकायची, हे तिने ठरवलं होतं, कुणाला न विचारता. खिडकीवरून तिने नवा केसपेपर काढून आणला होता. व्यवसायाच्या रकान्यात या वेळी "शेती" होतं. "मी सांगतलं त्यायले," ती म्हणाली. फेरफाराला कोणकोणते कागद लागतात, हे तिने मला माझ्याच चिठ्ठीवर लिहून द्यायला लावलं. सासऱ्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. चिठ्ठीची घडी तिने गोळ्यांच्या पाकिटात ठेवली आणि चारची गाडी चुकेल म्हणून घाईने निघाली.