वॉलंडरच्या शेवटाबद्दल, तुझ्या इन्स्पेक्टरसाठी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. ‘द ट्रबल्ड मॅन’ संपवून तू भलतीच चिडलेली दिसतेस. ज्या पोलीस तपासनीसाच्या मागे आपण दक्षिण स्वीडनच्या चिखलापावसातून एवढी पुस्तकं वणवण केली, त्या कुर्त वॉलंडरला त्याच्या लेखकानं, हेनिंग मांकेलनं, शेवटी अल्झायमर द्यावा, हे तुला सहन झालं नाही. गोळी लागून गेला असता तरी चाललं असतं, असं लिहिलंयस. आणि त्याच पत्रात खाली विचारलंयस, की तुझ्या कोल्हापूरच्या इन्स्पेक्टरबाईची मालिका कशी संपवू. आधी वॉलंडरचं बघू, मग तुझ्या प्रश्नाकडे येते.

मालिकेतलं पहिलं पुस्तक परत उघड. ‘फेसलेस किलर्स’, १९९१चं. लुनार्पच्या शेतघरातला म्हातारा-म्हातारीचा खून तुला पाठच असेल. मला हवंय ते पान वेगळं आहे. वॉलंडरचा बाप पायजम्यावर, हातात सुटकेस घेऊन, चिखलानं भरलेल्या शेतातून चाललेला सापडतो. कुठे निघालात म्हणून विचारलं तर म्हणतो, इटलीला. हा माणूस जन्मभर एकच चित्र रंगवत आलाय. तेच रान, तोच मावळता सूर्य. कधी त्यात रानकोंबडा असतो, कधी नसतो, एवढाच फरक. पुढे ‘द फिफ्थ वुमन’मध्ये बाप-लेक खरंच रोमला जाऊन येतात आणि परतल्यावर थोड्याच काळात बाप जातो. वाचताना हे सगळं आपल्याला खुनाखुनांमधला घरगुती विसावा वाटतं. तो विसावा नव्हता गं. वॉलंडरचा शेवट तिथेच, पहिल्या पुस्तकात, पायजम्यावर चालत होता.

आता २००९ सालचं हे शेवटचं पुस्तक. वॉलंडर साठीला आलाय, गावाबाहेर घर घेतलंय, कुत्रा पाळलाय. एका रात्री तो इस्टादच्या, म्हणजे त्याच्या नोकरीच्या शहरातल्या, एका रेस्टॉरंटमध्ये दारू पितो आणि सकाळी त्याला कळतं, की सर्व्हिस पिस्तूल तिथेच राहिलं. ते आपण सोबत का नेलं होतं, हेच त्याला आठवत नाही. तू त्या जागी काय समजलीस? मी तरी दारूवर ढकललं. पुढे मध्येच त्याच्या डोक्यात अंधार होतो, आपण कुठे आणि कशाला आलोय ते कळेनासं होतं, तेव्हा आपण साखरेवर ढकलतो. त्याला मधुमेह आहे हे ‘वन स्टेप बिहाइंड’पासून आपल्याला माहीत असतं. इन्सुलिन घेणारा माणूस, जेवायच्या वेळा बेभरवशाच्या, होणारच असं. तोही स्वतःची तशीच समजूत घालतो.

पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचा आणि संशय मात्र दुसऱ्याच दारी न्यायचा, हे आपण सगळे खुनासाठी करतो. मांकेलनं ते नायकाच्या स्वतःच्या डोक्यासाठी केलं. आयुष्यभर लोकांच्या खुणा वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या खुणा वाचता येत नाहीत. मला यात अन्याय दिसत नाही. फार सचोटीचं काम दिसतं.

आणि समोर तपास कसला आहे तेही बघ. हॉकन फॉन एंके, निवृत्त नौदल अधिकारी. पंचाहत्तरीच्या मेजवानीत तो वॉलंडरला बाजूला घेऊन पाणबुड्यांची गोष्ट सांगतो आणि पुढे एका सकाळी फिरायला म्हणून जातो तो परत येत नाही. त्यामागचा इतिहास खरा आहे. २७ ऑक्टोबर १९८१ला एक सोव्हिएत पाणबुडी कार्ल्सक्रूनाच्या नौदल तळाजवळ, थेट स्वीडनच्या हद्दीत, खडकावर रुतून बसली. साऱ्या जगानं तिचे फोटो पाहिले. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमजवळ हॉर्सफ्यार्डनमध्ये मोठी पाणबुडी-शोधमोहीम झाली, पाण्यात स्फोटकं टाकली, आणि हाती काहीच लागलं नाही. कादंबरीतला फॉन एंके म्हणतो, पाणबुडी कोंडीत सापडली होती, पण तिला जाऊ द्या असा वरून हुकूम आला. तो हुकूम कुणी दिला, हा प्रश्न त्यानं पंचवीस वर्षं सोडला नाही. ज्याला विसरता येत नाही त्याचा शोध ज्याला विसर पडू लागलाय तो घेतोय. तो आजार मागून चिकटवलेला असता, तर ही जोडी जमलीच नसती.

गोळीचं म्हणतेस, तर गोळी खलनायकाची असते. ती कुठल्याही पुस्तकात कुणालाही लागू शकते. शिवाय शेवटचं पान परत वाच. आजार कसा वाढला, त्याच्या मुलीनं, लिंडानं, काय काय सोसलं, याचं वर्णन मांकेल करत नाही. मोजक्या वाक्यांत सांगतो, आणि उरलेली वर्षं बाप-लेकीची, आपली नव्हेत, एवढं म्हणून थांबतो. मोह किती झाला असेल त्याला! रडवायला एक प्रकरण सहज निघालं असतं.

दुसऱ्या तऱ्हेचा शेवटही आहे. माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडप्यानं मार्टिन बेक या पोलीस-नायकाच्या दहा कादंबऱ्या १९६५ ते १९७५मध्ये लिहिल्या. दहाच लिहायच्या हे सुरुवातीलाच ठरलेलं. शेवटच्या ‘द टेररिस्ट्स’मध्ये सरकारी यंत्रणेनं पार हतबल केलेली एक कोवळी आई पंतप्रधानांना गोळी घालते, आणि अखेरच्या पानांवर बेक मित्रमंडळींत बसून शब्दांचा खेळ खेळतोय. बेकचं काहीच होत नाही. जे व्हायचं ते देशाचं होतं. अकरा वर्षांनी, १९८६मध्ये, स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा स्टॉकहोमच्या रस्त्यावर खरोखरच खून झाला.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार म्हातारा झाला नाही. त्या गोष्टींवर मी वाढले आणि माझं त्यांच्यावर आजही प्रेम आहे. तसा नायक हवा असेल तर खुशाल ठेव, त्याला शेवटाची गरजच नाही. पण तुझ्या इन्स्पेक्टरला आई आहे, घराचे हप्ते आहेत, मोडलेलं लग्न आहे. तू काळ घरात घेतलायस, मग त्याचा हिशोब ठेवायला हवा. तुझ्या पहिल्या पुस्तकात २०१९चा महापूर आहे, तिसऱ्यात २०२१चा. पंचगंगा दोनदा पात्र सोडून आली आणि बाई दोन्हीकडे चौतीसच्याच! एक वही कर. प्रत्येक पुस्तकाचं साल, तिचं वय, आईचं वय, कुठलं ठाणं, बदली कधी. बदलीशिवाय इतकी वर्षं एकाच ठाण्यात तिला कोण ठेवील? आणि महाराष्ट्रात पोलीस इन्स्पेक्टर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे तुझ्या मालिकेची शेवटची तारीख सरकारनं ठरवून दिलेली आहे, तिच्या आत काय ते उरक.

मात्र स्मृतिभ्रंश उचलू नकोस. तो वॉलंडरचा आहे, त्याच्या बापाकडून आलेला. तुझ्या बाईचा शेवट तुझ्याच पहिल्या पुस्तकात पडलाय आणि तुझ्या लक्षात आलेला नाही. आरोपी सुटू नये म्हणून तिनं पंचनाम्यातली वेळ बदलली होती. आठवतंय? दोन ओळींत उरकून तू पुढे गेलीस. पुढच्या पुस्तकांत त्याचा उल्लेखही नाही. तो माणूस जन्मठेप भोगत कळंब्याच्या जेलमध्ये बसलाय. गुन्हा त्यानंच केला होता, हे तुला नक्की माहीत आहे का? तिला?

चौथ्या पुस्तकाला हात लावण्याआधी त्याच्यावर चार पानं लिही. त्याचं आजचं वय काय, त्याला भेटायला कोण येतं, अपील कुठवर आलंय, त्याचा वकील तो पंचनामा किती वेळा वाचतो. ही पानं छापायची नाहीत, तुझ्यासाठी आहेत. मग पहिली तीन प्रकरणं पाठव, पण दिवाळीनंतर. अंकाच्या धावपळीत माझ्याकडून नीट वाचून होत नाही.

तुझी,
ताई