‘देवाला सरेंडर करा’: समर्पण, सोपवणे आणि बंडीचा आरा

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. गावच्या ख्रिस्ती प्रार्थनासभेत त्या बायकांची प्रार्थना चालवतात. त्या विचारतात, “‘प्रभू, मी स्वतःला समर्पण करते’ म्हणावं, ‘समर्पित करते’ म्हणावं, की ‘शरण येते’ म्हणावं? शहरातून येणारे पाळक हल्ली ‘सरेंडर करा’ म्हणतात. कोणी ‘आत्मसमर्पण करा’ असंही सांगतात. आमच्या म्हाताऱ्या बायांना यातलं काहीच कळत नाही.”

ताई, आधी आत्मसमर्पणाचं बघू, कारण उपदेशात तो शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. विदर्भात हा शब्द कशासाठी वापरतात ते गडचिरोलीच्या कोणत्याही माणसाला विचारा. नक्षलवाद्यांसाठी राज्य सरकारची आत्मसमर्पण योजना २००५ पासून चालू आहे. बंदूक पोलिसांपुढे ठेवायची, नाव नोंदवायचं, पुनर्वसनाची रक्कम घ्यायची. त्या जागी तो शब्द कोणी ठेवला असेल तर ठेवो. मराठीत ‘पोलिसांना शरण आला’ हे आधीपासून होतंच. पण हाच शब्द देवळात आणला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हात वर केलेला माणूस उभा राहतो. देव म्हणजे ठाणेदार आणि विश्वास म्हणजे हरणं, असं चित्र आपणच गरीब माणसाच्या मनात घालतो. ‘सरेंडर’चंही तेच. मुळात तो फ्रेंचातून इंग्रजीत गेलेला ‘देऊन टाकणे’ असा शब्द. कुळाने जमीन मालकाला परत करणं, हा त्याचा कायद्यातला जुना अर्थ. पण सभेत बसलेल्या बाईला तो ठाऊक आहे पोलिसांच्या तोंडचाच.

आता मला जे सांगायचं आहे ते. त्या म्हाताऱ्या बाया घरी काय म्हणतात, ते ऐकलंत का? “सारं देवाले सोपून दे बाई.” लेक सासरी पाठवताना हेच, आजारी माणसाच्या उशाशी बसल्यावर हेच. या ‘सोपवणे’ला आपण अडाणी समजून बाजूला ठेवतो आणि ‘समर्पण’ला गंध-फूल वाहतो. प्रत्यक्षात दोन्ही एकच शब्द आहेत! संस्कृत ‘समर्पयति’, प्राकृत ‘समप्पेइ’, आणि पुढे मधल्या ‘म’चा अनुनासिक ‘व’ झाला. ग्रामचं गाव आणि नामचं नाव झालं, तसाच. जुन्या मराठीत ‘सोंपणे’ असं लिहीत, हिंदीत ‘सौंपना’ आहे. तो वरचा अनुस्वार म्हणजे मुळातल्या ‘सम्’ची खूण. म्हणजे पाळक पोथीतून जो शब्द वाचतात, तोच शब्द आजीच्या तोंडी शेकडो वर्षं फिरून गुळगुळीत झालेला आहे. तिला समर्पण कळत नाही असं कोणी म्हणू नये. ती रोज तेच करते, आणि त्याच शब्दाने.

एका विद्वान गृहस्थांनी व्याख्यानात ‘सोपे करणे म्हणजे सोपवणे’ अशी व्युत्पत्ती सांगितली होती. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. हे साफ चूक आहे. अनुस्वार कुठून आला, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. ऐकायला गोड वाटली म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही.

आणि समर्पण तरी काय आहे? सम् + अर्पण. अर्पण ‘ऋ’ धातूच्या प्रयोजकावरून आलं: जायला लावणे, पोचवणे, बसवणे. त्याच ‘ऋ’वरून ‘अर’ शब्द होतो. अर म्हणजे चाकाचा आरा! छांदोग्य उपनिषदात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे आहेत: ‘यथा वा अरा नाभौ समर्पिता’. चाकाच्या मधल्या तुंब्यात जसे आरे बसवलेले असतात, तसं प्राणात सारं बसवलेलं आहे. तिथे ‘समर्पित’चा अर्थ वाहिलेलं, टाकलेलं, हरलेलं असा नाही. त्याचा अर्थ आहे घट्ट बसवलेलं.

ज्याने लाकडी बंडी, म्हणजे बैलगाडी, पाहिली आहे त्याला हे लगेच दिसेल. वाढई आऱ्याचं टोक तासतो, तुंब्याच्या भोकाच्या मापाचं करतो आणि ठोकून आत बसवतो. मग बाहेरून लोखंडी धाव लाल तापवून चढवायची आणि तिच्यावर पाणी ओतायचं. धाव आकसली की सारे सांधे आवळले जातात. आरा तासला जातो, ठोकला जातो, हे खरं. पण त्यानंतर बंडीचा सगळा भार तोच तोलतो. कापसाचे बोजे भरलेली बंडी पाणंदीतून निघते, तेव्हा तुंब्याखाली आलेला प्रत्येक आरा आपल्या पाळीचं ओझं घेतो आणि वर जातो. ख्रिस्ती माणसाने देवाच्या हाती जाणं म्हणजे काय, हे सांगायला मला याहून नेमकं चित्र सापडलेलं नाही. देवाच्या हाती गेलेला माणूस रिकामा पडून राहत नाही. तो कामाला लागतो.

“उपनिषदातला दाखला ख्रिस्ती प्रार्थनेला कशाला?” असं म्हणणारे आहेत. त्यांना सांगतो, रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात ‘आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून’ देण्याविषयी पौल सांगतो, तिथे आपल्या मराठी बायबलात ‘समर्पण’ हाच शब्द आहे. तो आपण मराठीतून घेतला, तर त्याचा आरा-तुंबाही आपलाच. आणि जिवंत यज्ञ म्हटलंय, हे विसरू नका. वाहिलेली वस्तू जिवंत राहते, चालते, काम करते.

सोपवण्याचा सर्वांत मोठा दाखला तर वधस्तंभावरचा आहे. “हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो.” येशू तिथे बायबलातलं एकतिसावं स्तोत्र म्हणतो आहे. त्या स्तोत्रातलं हिब्रू क्रियापद ठेव ठेवण्याचं आहे. आजच्या हिब्रूत बँकेतल्या ठेवीला जो शब्द आहे, तो त्याच धातूचा. हा प्रसंग लिहिणाऱ्या लूकने वापरलेलं ग्रीक क्रियापदही एखाद्याजवळ ठेव म्हणून देण्याचं. ठेव विश्वासाच्या माणसाकडेच ठेवतात आणि ती परत मिळते. तिसऱ्या दिवशी ती मिळाली, हीच तर आपली सुवार्ता! मग ‘सोपवून देतो’च्या जागी ‘सरेंडर करतो’ म्हणून बघा. ठेव गेली, ठेवणारा गेला, बापही गेला.

शरणाबद्दल थोडक्यात. एका उपदेशकाने ‘शरण हा परधर्मीयांचा शब्द, तो टाका’ असं सांगितल्याचं कानावर आलं. त्यांनी अमरकोश उघडावा. ‘शरणं गृहरक्षित्रोः’. शरण म्हणजे घर आणि रक्षण करणारा. आपल्या गावागावांत बुद्धविहारातून ‘सरणं गच्छामि’ ऐकू येतं, तिथेही सरण म्हणजे आसराच. ‘देव आमचा आश्रय’ म्हणणाऱ्या शेहेचाळिसाव्या स्तोत्राला या शब्दाची भीती कशाला? नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत राहिले. त्यांनी मराठी टाकली नाही, आपण का टाकावी? एक गंमत मात्र आहे. संस्कृतात शरण हे आसऱ्याचं नाव, मराठीत मात्र आसऱ्याला येणारा माणूसच ‘शरण’ झाला. म्हणून आपण ‘तुला शरण आलो’ म्हणतो. घर आणि घरात आलेला, दोघांना एकच शब्द.

‘अधीन’ याकोबाच्या पत्रात आहे, तो आज्ञा मानण्यापुरता ठीक. ‘स्वाधीन’ मुळात ‘स्वतःच्या ताब्यातला’, बंगालीत त्याचा अर्थ अजून ‘स्वतंत्र’ असाच आहे. मराठीत ‘देवाच्या स्वाधीन’ रुळलं आहे, चालू द्या. ‘हवाली’ अरबीतून आला. सकाळी आखरावर ढोरं ढोरक्याच्या हवाली करतात, तो ओळखीचा शब्द आहे, तोही राहू द्या.

हां, समर्पण की समर्पित, ते राहिलंच. ‘स्वतःला समर्पण करते’ बरोबर, ‘समर्पित करते’ही बरोबर. बायबलात पहिलं आहे, म्हणून सभेत तेच ठेवा. आणि प्रार्थनेच्या शेवटी त्या म्हाताऱ्या बायांपैकी एकीला तिच्या शब्दांत म्हणू द्या: “देवा, तुले सोपून देल्लं.”