परदेशात ग्रीक पुराणकथा शिकायच्यात? आधी डाळिंबाचे दाणे मोज

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत बीए इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, ग्रीक देवांच्या गोष्टींचं शाळेपासून वेड आहे, बाहेर जाऊन तेच शिकायचंय. ग्रीस बरं की इंग्लंड, भाषा यावीच लागते का, आणि खर्चाचं काय. मी पुण्यात संस्कृत घेऊन बीए केलं, मग इंग्लंडात एक वर्षाचं प्राचीन इतिहासाचं एमए. त्याला झाली १४ वर्षं. तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, तेव्हा 'तू' म्हणते.

भाषेचं आधी सांगते, कारण मी तिथेच आपटले. माझा अभ्यासक्रम भाषांतरांवर भागत होता. ग्रीक ऐच्छिक होतं, मी ते सोडलं. वर्ष एकच, फी एवढी, त्यात व्याकरण कोण घोकत बसणार! पहिल्याच सत्रात पर्सेफोनीवर बोलायची पाळी आली. मी अगदी रंगवून सांगितलं: पाताळाचा राजा हेडीस तिला पळवून नेतो, आई डिमीटर, म्हणजे धान्याची देवी, रुसते, पिकं उगवेनाशी होतात, मग सुटका होते, पण तिने डाळिंबाचे सहा दाणे खाल्लेले असतात, म्हणून वर्षातले सहा महिने खाली. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. सहा कुठे लिहिलेत?"

मला सांगता येईना. कुठल्यातरी मुलांच्या पुस्तकात वाचलं होतं, बस्स. त्या रात्री वाचनालयात बसून दाणे मोजले. रोमन कवी ओविड एका काव्यात सात सांगतो, दुसऱ्यात तीन. आणि डिमीटरचं जे जुनं ग्रीक स्तोत्र आहे, होमरच्या नावावर खपणारं, साधारण इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातलं, त्यात दाणा एकच. खाली राहायचं तेही सहा महिने नाही, वर्षाचा तिसरा हिस्सा. या स्तोत्राची प्रत मॉस्कोत सापडली १७७७ साली. म्हणजे त्याआधी युरोपात कित्येक पिढ्यांनी ही गोष्ट मुख्यतः ओविडकडूनच ऐकली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी त्या स्तोत्रातली ती ओळ फळ्यावर लिहिली आणि अख्खा तास त्यावरच घालवला. उच्चार साधारण असा: "ऱ्होइएस कोक्कोन एदोके फागेइन मेलिएदेआ लाथ्रे". डाळिंबाचा मधासारखा गोड दाणा त्याने गुपचूप खायला दिला. बाकीचे कोशात डोकं घालून बसले होते आणि मी 'एदोके'कडे बघत राहिले. हे तर आपलं 'अदात्'! भूतकाळाचा तोच 'अ' पुढे, तोच 'दा' धातू. 'फागेइन' आपल्या 'भज्'च्या नात्यातलं, 'मेलिएदेआ'च्या शेपटात 'स्वादु' दडलेलं. मला ग्रीक येत नव्हतं, पण ओळ अर्धी ओळखीची निघाली. आणि मीच ती भाषा नको म्हणून आले होते.

खरी गंमत पुढे आहे. हाच प्रसंग थोड्या ओळींनंतर पर्सेफोनी आईला सांगते, तेव्हा 'मला नको असताना जबरदस्तीने खायला लावला' असं म्हणते. कवी म्हणतो गुपचूप दिला, मुलगी म्हणते जबरदस्ती केली. मग खरं काय, मुलगी आईपुढे सारवासारव करतेय का, कवीला काय सुचवायचंय, यावर विद्वान अजून भांडतात. तिकडे पुराणकथा शिकणं म्हणजे हे. गोष्टी पाठ असणं फारसं कामाचं नाही. कोणी, कधी, कोणापुढे सांगितली, हे विचारतात. म्हणून 'पुराणकथा की इतिहास' अशी निवड करायची गरजच नाही, दोन्ही एकाच विभागात शिकवतात. इ.स.पू. ४७५च्या सुमारास अथेन्सचा सेनापती किमॉन याने स्कायरोस बेटावरून थीसियसची, म्हणजे अथेन्सच्या दंतकथेतल्या राजाची म्हणून हाडं वाजतगाजत शहरात आणली. थीसियस होऊन गेला का, हे सोड. किमॉनला तो त्याच वेळी का हवा होता, हा इतिहासाचा प्रश्न.

तेव्हा ग्रीक आत्तापासून सुरू कर. दहावीला शंभर मार्कांचं संस्कृत होतं म्हणतोस. मार्कांसाठी का होईना, 'देवः देवौ देवाः' घोकलंयस ना? ग्रीकमध्येही द्विवचन आहे, आत्मनेपदासारखा प्रकार आहे, विभक्त्या तर आपल्यापेक्षा कमी. इंग्रजी मुलांना जे समजायला महिना लागतो ते तुला दोन दिवसांत कळेल. लिपी आठवडाभरात येते. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या फुकट संकेतस्थळावर मूळ ग्रीक पाठ आहेत, शब्दावर टिचकी मारली की त्याचं व्याकरण समोर येतं. पण तीच सवय लावून घेऊ नकोस, रूपं पाठच करायची.

आता देश. अथेन्सच्या राष्ट्रीय विद्यापीठात २०२० पासून प्राचीन ग्रीसचं पुरातत्त्व, इतिहास आणि साहित्य असा चार वर्षांचा इंग्रजीतला बीए आहे, युरोपीय संघाबाहेरच्या मुलांसाठी. पण तुझी दोन वर्षं झालीत, पुन्हा पहिलीत बसू नकोस. बीए पूर्ण कर आणि एमएला जा. इंग्लंडात 'क्लासिक्स' (ग्रीक-रोमन भाषा आणि साहित्य) नावाच्या एमएला बहुतेक ठिकाणी ग्रीक-लॅटिन आधीपासून मागतात, 'प्राचीन इतिहास' नाव असेल तर सहसा नाही. पुढे अमेरिकेत पीएचडीचा विचार असेल तर ग्रीक, लॅटिन आणि वर वाचण्यापुरती जर्मन-फ्रेंच धर. नोकरीचं खोटं सांगणार नाही. या विषयात प्राध्यापकीच्या जागा तिकडेही थोड्या आहेत. मी स्वतः आज भाषांतर आणि संपादनावर पोट भरते.

शिकलास इंग्लंडात तरी उन्हाळ्यात ग्रीसला जाच. मी गेले तेव्हा अथेन्सच्या बेकरीत पुस्तकी ग्रीकमध्ये पाव मागितला, 'आर्तोस'. बाई हसल्या आणि म्हणाल्या 'प्सोमी'. बाहेर येऊन पाटी पाहिली तर दुकानाचं नाव 'आर्तोपिईओ'. जुना शब्द पाटीवर बसलेला, तोंडातून गेलेला.

एलेफ्सिना चुकवू नकोस. हेच जुनं एल्युसिस, डिमीटरच्या गुप्त दीक्षाविधींचं गाव, अथेन्सपासून वीसेक किलोमीटर. वाटेतल्या रस्त्याचं नाव आजही 'इएरा ओदोस', पवित्र मार्ग. नावावर जाऊ नकोस, दोन्ही बाजूंना गॅरेजं आणि गोदामं आहेत, गावाजवळ तेलशुद्धीकरण कारखाना. इथे शेतात डोक्यावर करंडा घेतलेल्या बाईचा अर्धा पुतळा होता. गावकरी त्याच्याभोवती शेणखत रचायचे, पीक तिच्यामुळे येतं म्हणायचे. १८०१ साली क्लार्क नावाच्या इंग्रजाने तो नेला. जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याशी फुटलं, पुतळा मात्र वाचला, आता केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. तिची जोडीदारीण एलेफ्सिनाच्या संग्रहालयात. मी दोघींना पाहिलंय. केंब्रिजमधल्या पाटीपुढे उभी असताना मला बांधावरच्या शेंदूर फासलेल्या आपल्या दगडाचीच आठवण येत होती. (क्लार्कला म्हणावं, त्यातला एखादा उचलून बघ!)

पैशांचं थोडक्यात. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनच्या सोआस या विद्यापीठांसाठी आहे. रेडिंगला क्लासिक्स विभागाचं स्वतःचं ग्रीक भांड्यांचं संग्रहालयही आहे, म्हणून तिथला अर्ज भरच. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून कर्जरूपाने मदत देतं. अनुसूचित जातीतल्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटिश व्हिसासाठी ठरावीक रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते. ऐनवेळी काकांकडून उसने घेऊन टाकलेले पैसे चालत नाहीत, माझा अर्ज त्यातच लांबला होता.

अर्जासोबत एक लेखननमुना मागतात. तिथे ऑलिंपसचे बारा देव लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. सांगलीहून कोल्हापूर तासाभरावर. तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातला समुद्रदेव पोसायडनचा छोटासा कांस्य पुतळा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची (ग्रीकांसाठीचा आपला जुना शब्द) दानं कोरलेली आहेत. ते यवन ग्रीकच होते का, पोसायडन पंचगंगेकाठी कसा पोचला, यातलं एक काहीतरी घे. एका रविवारी जाऊन बघून ये, मग पुढचं बोलू.