एप्रिलात ऑडिटला गोव्यात येणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. बँकेच्या ब्रँच ऑडिटला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यात येतेस, पणजी, म्हापसा आणि मडगाव अशा तीन शाखा वाट्याला आल्यात, आणि विचारतेस काय, तर चांगलं जेवण आणि लाइव्ह म्युझिक कुठे मिळेल! एनपीएबद्दल, म्हणजे थकलेल्या कर्जांबद्दल, एक अक्षर नाही. असो. एनपीए सगळीकडे सारखेच, ते तुझे सर बघून घेतील. जेवणाचं आणि गाण्याचं मी फोंड्यात बसून सांगते.

आधी वेळेचा हिशेब. ऑडिटवाल्याला संध्याकाळ नसते. काउंटर बंद झाल्यावर मॅनेजर मोकळा होणार, मग फायली निघणार, मग एखादी बेरीज जुळणार नाही, आणि तू शाखेतून बाहेर पडेपर्यंत साडेआठ-नऊ वाजणार. बहुतेक आर्टिकल मुलं, म्हणजे तुझ्यासारखी सीएकडे शिकणारी, दुपारी टेबलावरच पार्सल उरकतात आणि रात्री दमून-भागून बागा-कळंगुटला ‘गोव्याचं जेवण’ शोधायला निघतात. तिथे पनीर टिक्का मिळतो, लालभडक रश्शात बुडालेलं काहीतरी मिळतं आणि बिल बघून झोप उडते. अगं, गोव्यात मासळीचं जेवण हे दुपारचं. सकाळी बाजारात मासळी आली, वाटण वाटलं, हुमण म्हणजे मासळीचं कालवण शिजलं, की एक ते अडीचच्या दरम्यान ते संपतं. रात्रीच्या मेनूवर तेच नाव दिसलं तरी ते जेवण ते नव्हे. तेव्हा एकच्या ठोक्याला लॅपटॉप मिटून सरळ उठायचं. मॅनेजरही तेव्हाच उठतो, कोणाला राग येत नाही.

पणजीत रिट्झ क्लासिकचं नाव तुला कोणीही सांगेल आणि ते खोटंही नाही, फक्त ऐन जेवणाच्या वेळी तिथे ताटकळत उभं राहावं लागतं. मी म्हणेन, शाखेतल्या प्यूनला किंवा कॅशियरला विचार. विचारताना ‘इथे चांगलं हॉटेल कुठलं?’ असं विचारू नकोस, तो तुला पाहुणी समजून एसीत पाठवेल. ‘डबा नसला की तुम्ही कुठे जेवता?’ असं विचार. मग बाजाराच्या मागच्या गल्लीतली, पाच-सहा टेबलांची खानावळ निघते. तिथे समोर कोण बसेल याचा नेम नाही, वाटीतलं हुमण मागितलं की पुन्हा वाढतात.

ताटात काय बघायचं तेही सांगते. उकड्या तांदळाचं शीत, वाटीत हुमण, तळलेला तुकडा, एखादी भाजी, सोलकढी, आणि कोपऱ्यात चमचाभर किसमूर, म्हणजे भाजलेल्या सुक्या सुंगटांत (कोळंबीत) ओलं खोबरं आणि कांदा कालवलेला. तळलेल्या तुकड्यावरून खानावळीची पारख करू नकोस, रव्यात घोळवून तेलात सोडणं कोणालाही जमतं. हुमण बघ. बांगड्याचं असेल तर त्यात तेफळ, म्हणजे तिरफळ, हवं. ते चावायचं नसतं, बाजूला काढायचं, त्याचा वास तेवढा रश्शात उतरलेला असतो. सुंगटांचं असेल तर एप्रिलात त्यात तोर पडलेलं असतं, कोवळ्या कैरीच्या फोडी, आणि ती आंबटाई कोकमापेक्षा निराळी, जिभेच्या कडेला लागणारी. खोबऱ्याचं वाटण गुळगुळीत हवं. रस्सा शितावर ओतल्यावर पाणी एकीकडे आणि चोथा दुसरीकडे झाला, तर दुसऱ्या दिवशी दुसरी खानावळ गाठ. आणि किसमूर कुरकुरीत असेल तर समज की आत कोणीतरी ते आयत्या वेळी कालवतंय. अशा ठिकाणी मग खुशाल तिसऱ्यांचं सुकं मागव.

वेळेच्या बाबतीत नशीबवान आहेस. ट्रॉलरची मासेमारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, तेव्हा तुझ्या वेळी बाजार भरलेला असेल. वर काजूचा हंगाम. ओल्या काजूगरांना इथे बिबे म्हणतात, त्यांची भाजी पावाबरोबर मिळाली तर मासे विसरशील. काजूच्या बोंडांचा नीरो सकाळी प्यायचा, ताजा. हुर्राक मात्र शाखेतलं कोणीतरी लिंबू, सोडा आणि चिरलेली मिरची घालून पुढे करेलच. एकदाच गाळलेला असतो, फेणीएवढा कडक नाही असंही सांगतील. घ्यायचा की नाही ते तुझं तू ठरव, पण घेतलास तर त्या रात्री स्कूटरला हात लावायचा नाही.

इथे एक कामाची गोष्ट मधेच सांगते, कारण ती जेवणाशीच जोडलेली आहे. किनारपट्टीच्या शाखांत हॉटेलं आणि बार यांची कॅश क्रेडिट खाती, म्हणजे मालाच्या तारणावरची कर्जखाती, बरीच असतात. मॅनेजर प्रेमाने म्हणेल, ‘चला, आज आमच्या एका पार्टीकडे जेवू.’ त्याच पार्टीचं, म्हणजे कर्जदार ग्राहकाचं, मालाचा हिशेब सांगणारं स्टॉक स्टेटमेंट सकाळी तुझ्या टेबलावर आलेलं असू शकतं. नम्रपणे नाही म्हणायचं, किंवा गेलीस तर स्वतःचं बिल स्वतः भरून पावती घ्यायची. पाहुणचार नाकारला म्हणून इथे कोणी कायमचं रुसत नाही. आणि कुठल्या हॉटेलचं खातं कसं चाललंय हे जेवताना मैत्रिणीलाही सांगायचं नाही, हे तुला सांगायला नको.

सकाळचा नाश्ता लॉजमध्ये करू नकोस. पणजीत कॅफे भोसले आहे, कॅफे ताटो आहे. भाजी-पाव म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर जी पावभाजी येते ती नव्हे. पातळ भाजी, सुकी भाजी, टोमॅटो भाजी, अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) टोनाक, पाहिजे तर दोन एकत्र करून देतात, बरोबर मिरचीची भजी आणि गोडसर बन. लॉजजवळ पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू आला तर खाली उतरून पोयी घे, कोंड्याची, गरम असताना नुसतीसुद्धा खाता येते. रात्री नऊला बाहेर पडलीस आणि पोटात कावळे ओरडत असले, तर रोस ऑम्लेटचा गाडा शोध. ऑम्लेटवर शाकुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबरं-मसाल्याचा, रस्सा, वर बारीक कांदा, लिंबू, पाव. ऑडिटवाल्यांचं रात्रीचं जेवण म्हणून ते पुरेसं आहे.

आता गाणं. तू ‘लाइव्ह म्युझिक’ लिहिलंस तेव्हा तुझ्या मनात समुद्राकाठचा शॅक असणार. जा एखाद्या रविवारी, मी अडवत नाही. पण बसण्याआधी ड्रमवर खरा माणूस आहे का ते बघ. बऱ्याच ठिकाणी एकटा गायक कीबोर्डवर आयता ताल लावून जुनी इंग्रजी गाणी म्हणतो आणि टाळ्याही स्वतःच मागतो. शिवाय उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद व्हावेत असा नियम आहे, म्हणजे तू पोहोचेपर्यंत ते गुंडाळत असतील. मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या बोटींवरही गाणं असतं. ते राहू दे.

गोव्यात गाणं दोन घरांत वाढलं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. तीच पोरं पुढे मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत बसली. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस इथल्या माजोर्ड्याचे. दुसरं घर देवळाचं. केसरबाई केरकर आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, १९७७ साली व्हॉएजर यानाबरोबर अंतराळात गेलेली भैरवी त्यांचीच. मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, मास्टर दीनानाथ मंगेशीचे. ही दोन्ही घरं आजही चालू आहेत आणि दोन्हींकडे तिकीट नसतं किंवा स्वस्त असतं. तुझ्या तारखांत काय बसतं ते बघू.

यंदा तुझ्या पहिल्याच आठवड्यात गुड फ्रायडे येतो. तोपर्यंत ख्रिस्ती वाड्यांत उपासाचे दिवस, नाच-गाणं नाही. पण चर्चमध्ये मोतेत, म्हणजे या दिवसांतली भक्तिगीतं, म्हणतात, लॅटिन आणि कोंकणीत, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बासच्या साथीने. सासष्टीकडच्या, म्हणजे मडगावच्या बाजूच्या, चर्चांत ही परंपरा जपलेली आहे. मडगावच्या शाखेतल्या ख्रिस्ती सहकाऱ्याला विचारलंस तर कुठे आणि किती वाजता ते नेमकं कळेल. खांदे झाकलेले कपडे, मागच्या बाकावर जागा, मोबाइल पर्समध्ये. ती प्रार्थना आहे.

ईस्टर झाला की तियात्रांचे, म्हणजे गाण्यांसकटच्या कोंकणी नाटकांचे, नवे प्रयोग लागतात, आणि माझं ऐकशील तर तुझी एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेव. कोंकणी तुला निम्म्याहून अधिक समजेल, उरलेलं शेजारची बाई कोपराने ढोसून समजावेल. पहिला तियात्र झाला १७ एप्रिल १८९२ रोजी, तोही मुंबईत, पोटापाण्यासाठी तिथे गेलेल्या गोंयकारांनी केला. तुझं काम रेंगाळलं तर नेमकी ती तारीखही तुला इथेच गाठेल. रचना अशी की नाटकाचे सहा-सात परदे, म्हणजे प्रवेश, असतात आणि दोन परद्यांच्या मधे कथेशी काडीचा संबंध नसलेली गाणी येतात, त्यांना कांतारां म्हणतात. खाली बँड बसलेला असतो: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, कीबोर्ड, ड्रम. गायक येतो, आमदारांची, पंचायतीची, कचऱ्याची, जमिनी विकणाऱ्यांची बिनपाण्याने करतो, शेवटच्या ओळीला ट्रम्पेट उचलून धरतो आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणतं. ‘वन्स मोअर’ आला तर त्याच्याकडे जास्तीचं कडवं तयारच असतं. ट्रम्पेटवाल्याकडे लक्ष ठेव. गाणं नसताना तो मांडीवर वाद्य ठेवून नाटक बघत हसत असतो आणि इशारा मिळाला की श्वास घेतल्यासारखा आत शिरतो. मडगावचं रवींद्र भवन, म्हापशाचं हनुमान नाट्यगृह, पणजीची कला अकादमी, यांपैकी कुठे कधी प्रयोग आहे ते वर्तमानपत्रात येतं. इथले मराठी पेपर रोज विकत घे. देवळातले उत्सव, भजनं, मैफली यांचा पत्ता त्यातच लागतो.

कला अकादमीत तियात्र नसला तरी बाहेरच्या फलकावर नजर टाकून ये. चार्ल्स कोरियांनी बांधलेली वास्तू मांडवीच्या काठाला आहे, नुसती हिंडायलाही बरी. शास्त्रीय गाण्याला इथला प्रेक्षक कसा डोलतो ते तुला बघायला मिळावं असं फार वाटतं, पण एप्रिलात मोठे समारंभ कमी. फादोची मैफल मिळाली तर सोडू नकोस. पोर्तुगीज गाणं, बारा तारांची गिटार, पणजीत छोट्या जागांत होते, म्हणून आधी फोन करून जागा धरावी लागते. आमच्या फोंड्याची सोनिया शिरसाट गाणार असेल तर कामाचं काहीतरी कारण सांगून लवकर निघ. तुझ्या सरांना मी बघून घेते.

सोमवारी इथल्या बऱ्याच हिंदू घरांत आणि काही खानावळींत मासळी नसते. तू पणजीत असशील तर तो दिवस लवकर आटोपून फोंड्याच्या रस्त्याला लाग. मंगेशीला दर सोमवारी आरतीच्या आधी देवाची पालखी वाद्यांच्या गजरात निघते. सभामंडपात खांबाला टेकून बस, पुढे घुसू नकोस.

परतीचं आधी ठरवून मगच निघायचं. ओला-उबर इथे धावत नाहीत, गोवा माइल्सचं अ‍ॅप मोबाइलमध्ये घालून ये. पणजी-मडगाव कदंबची (सरकारी बसची) शटल रात्री आठनंतर मिळेल असं धरून चालू नकोस. जवळच्या अंतराला मोटरसायकलचे पायलट, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारे, आहेत, पण रात्री उशिरा एकटीने नको. स्कूटर भाड्याने घेतलीस तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घे. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त देतात, पोलिसांनी धरलं की निस्तरायचं तुला. तियात्राला किंवा फादोला शाखेतल्या एखाद्या मुलीला बरोबर घे. ती नाही म्हणणार नाही, कारण गावात राहूनही ती कित्येक दिवसांत गेलेली नसते.

म्हापशाची शाखा शुक्रवारी येईल असं जमव, बाजाराचा दिवस असतो. मानकुराद आंबा दिसेल. भाव ऐकून घाबरू नकोस, डझनाच्या हिशेबात सांगतात. पिकलेले दोनच माग, त्या दिवशी खायला.

आणि मधला रविवार माझ्याकडे. फोंड्याला जेवायलाच ये, बाराच्या आत, म्हणजे बाजारातून आल्यावर माझ्याबरोबर नारळ खवायला बसशील. एवढंच आधी कळव, की तुला काटे काढता येतात का. येत नसतील तर इसवण, म्हणजे सुरमई, आणते. येत असतील तर तारले आणीन, स्वस्त पडतात आणि हुमणाला त्यांच्याइतकं दुसरं काही नाही.

तुझी,
मॅडम