वाचक विचारतात : सिम्युलेशनमधलं संशोधन

प्रश्न : सोलापुरात मेकॅनिकलचं एम.टेक. करतोय. ॲन्सिस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर येतं, गेट ही प्रवेश परीक्षाही पास आहे. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे यंत्रभागांवरचा ताण वगैरे संगणकावर काढण्यात, संशोधनाची नोकरी कुठे शोधावी? अर्ज बरेच केले, उत्तर येत नाही.
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तो वाया घालवू नका. आयआयटी, आयआयएससी, चेन्नईचं स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर, बंगळुरूची एनएएल ही विमान-संशोधन प्रयोगशाळा यांच्या संकेतस्थळांवर प्रकल्पांसाठी जेआरएफच्या (ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणजे कनिष्ठ संशोधक) जाहिराती येतात. पुण्यात एआरडीई आणि एचईएमआरएल या संरक्षण-संशोधन प्रयोगशाळा आणि वाहन-संशोधनाची एआरएआय आहे. जानेवारी २०२३पासून केंद्राच्या जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पद मात्र कंत्राटी असतं, प्रकल्प संपला की संपतं. अर्जाची मुदत कमी असते, म्हणून दर आठवड्याला पाहत जा.

आता उत्तर का येत नाही ते. अर्जात नुसती 'ॲन्सिस येतं' एवढी ओळ आणि रंगीत चित्रं असतील, तर सॉफ्टवेअरनं दिलेलं उत्तर तुम्ही तपासू शकता की नाही, हे निवडणाऱ्याला कळतच नाही. आमच्या मते खरी अडचण इथेच आहे.

एक काम करा. पोलादाची १ मीटर लांब, २० मि.मी. रुंद, ४० मि.मी. उंच कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला जखडलेली तुळई, घ्या आणि टोकाला ५०० न्यूटन भार द्या. ई (पोलादाचा लवचिकता गुणांक) २०० गिगापास्कल धरला तर हातानं टोकाची झुक ७.८१ मि.मी. आणि मुळाशी ताण ९३.७५ मेगापास्कल येतो. मग हेच कॅल्क्युलिक्स या सॉफ्टवेअरमध्ये सोडवा. ते फुकट आहे आणि त्याची इनपुट फाइल बरीचशी ॲबॅकस या महागड्या सॉफ्टवेअरसारखी असते. त्यात तुळईचे छोटे तुकडे पाडतात, त्यांना घटक म्हणतात; घटकांच्या कोपऱ्यांवरचे वगैरे बिंदू म्हणजे नोड आणि सगळ्या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश. आठ नोडचे साधे, फुल इंटिग्रेशनचे घटक उंचीत एकच ठेवले, तर झुक फार कमी येईल, कारण असे घटक नीट वाकू शकत नाहीत (याला शिअर लॉकिंग म्हणतात) आणि तुळई कृत्रिमरीत्या कडक होते. वीस नोडचे घटक लावा, फरक दिसेल. मेश बारीक करत गेलात तर जखडलेल्या कडेवरचा ताण वाढतच राहतो, कारण तिथे सिंग्युलॅरिटी आहे, म्हणजे गणितात ताणाला मर्यादाच नसते. म्हणून तुलना लांबीच्या मध्यावर करा, तिथे ४६.९ मेगापास्कल आलं पाहिजे.

मि.मी.-न्यूटन-टन या एककांत पोलादाची घनता ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात असते. तिथे चुकून ७८५० (किलो प्रति घनमीटरमधला आकडा) लिहिलं, तर नैसर्गिक वारंवारता, म्हणजे तुळई आपोआप कंप पावते तो वेग, दहा लाख पटींनी कमी दिसते. ही चूक मुलाखतीत पकडली जाऊ शकते.

हा सगळा हिशेब दोन पानांत लिहा. फाइल्स गिटहब या संकेतस्थळावर ठेवा आणि अर्जात दुवा द्या. प्राध्यापकांना पत्र लिहिताना त्यांच्या एखाद्या शोधनिबंधातला नेमका मुद्दा घ्या. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका.

प्रश्न : जर्मनीत पीएच.डी.ला फी लागते का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बहुतेक अभियांत्रिकी पीएच.डी. तिथे पगारी नोकरी असते. जाहिरातीत 'टीव्ही-एल ई १३' ही वेतनश्रेणी शोधा. मास्टर्स पदवी सहसा हवीच.