स्वस्त कुर्ता आणि सभासदाची साखर

तू विचारलंयस की बांगलादेशात शिवलेले स्वस्त कुर्ते घेणं थांबवावं का. तिथल्या बायकांबद्दल वाचल्यापासून साताऱ्यातल्या दुकानात हात पुढे होत नाही, असंही लिहिलंयस. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंयस की घरी दिवाळीला आजोबांच्या शेअरवर सहकारी साखर कारखान्याची साखर येते, तेवढी तरी एक वस्तू आपली आणि स्वच्छ आहे. माझं उत्तर मुख्यतः त्या वाक्याला आहे. पण आधी कुर्ता.

लागत असेल तर घे. बहिष्काराचं मला आता फारसं पटत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालाची आयात बंद करणारं विधेयक आणलं. ते मंजूरही झालं नाही, पण नुसत्या धास्तीनं बांगलादेशातल्या कारखानदारांनी हजारो पोरं कामावरून काढली, त्यात मुलीच जास्त. युनिसेफच्या १९९७च्या अहवालात त्यांचं पुढं काय झालं ते आहे. त्यातली बरीच शाळेत गेली नाहीत, खडी फोडायला किंवा त्याहून वाईट कामाला लागली. हेतू चांगलाच होता की!

राणा प्लाझाचं तू वाचलंच असशील. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळचं सावर. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले. खालची दुकानं आणि बँक दुसऱ्या दिवशी बंद राहिली, वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावलं. जी येणार नाही तिचा पगार कापू, अशी तंबी होती. अकराशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक बायका. त्यानंतर महिन्याभरात कामगार संघटना आणि कपड्यांच्या ब्रँडांमध्ये सुरक्षेचा करार झाला, कायद्यानं बांधणारा. कारखान्यांची तपासणी व्हायला लागली, दुरुस्त्या कराव्या लागल्या. कुर्ता न घेणाऱ्यांमुळे हे झालं असं मला वाटत नाही. कामगार संघटित होते आणि गिऱ्हाईक ब्रँडांना जाब विचारत होतं, म्हणून झालं.

आता तो 'पगार कापू' लक्षात ठेव आणि आमच्या शिवारात ये.

आमची वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी अडीच एकर. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या माळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात, हिशोब टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत. बाप्या तोडतो, बाई पाचट काढते, वाढ्यानं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यानं, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. एकदा हौसेनं मी मोळी उचलायला गेले, गुडघ्यापर्यंतही आली नाही. पलीकडं ती बाई नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवून, पाचटात निजलेल्या पोराकडं एक डोळा ठेवून, बाविसावी-तेविसावी मोळी चढवत होती. रात्री दोनला रिकामा ट्रॅक्टर आला की पुन्हा भरायला उठायचं.

त्यातलीच एक जण एका सकाळी बांधावर बसून राहिली होती, चेहरा पांढराफटक. अंगावरून जात होतं. कोपीवर जाऊन पड म्हटलं तर म्हणाली, "खाडा पडंल, ताई." खाडा म्हणजे गैरहजेरीचा दंड. त्या वर्षी तो दिवसाला पाचशे रुपये होता, तोही उचलीत वाढणारा. मी मुकादमाशी भांडले. तो शांतपणे म्हणाला, "बाई बसली की कोयता बसला."

या खाड्याचा शेवट कुठं होतो ते सरकारदरबारी नोंदलेलं आहे. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली याच्या चौकशीला समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. पाळी नको, खाडा नको, आणि वर कॅन्सरची भीती घालणारा डॉक्टर. मार्च २०२४मध्ये हे न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलं. तेव्हा तू कुर्त्याबद्दल विचारतेस तसं तिकडं कुणीतरी आपल्या साखरेबद्दल विचारत असणार.

साखर सोडून दे असं मी सांगत नाही. किराणा दुकानातल्या पोत्यावरून ती कुठल्या फडातली हे कळत नाही, आणि गुळाकडं वळलीस तरी ऊस तोच, कोयता तोच. चॉकलेट-कॉफीवरचे 'फेअर ट्रेड'चे शिक्के परवडत असतील तर बघून घे, त्यावर माझं फार मत नाही.

आमच्यापुरतं काय केलं ते सांगते. तोड झाली की शेतकरी टोळीला खुशाली, म्हणजे वरची बक्षिसी, देतो, ती मुकादमाकडं जाते. मी ती बायकांच्या हातात द्यायला लागले, प्रत्येकीला वेगळी. पुढच्या हंगामात आमच्या उसाला तोडच मिळेना. वीस-बावीस दिवस ऊस वाळला, तुरे आले, घरात रोज बोलणी खाल्ली. तरी सोडलं नाही, आता निम्मी त्यांना आणि निम्मी मुकादमाला असं जमवलंय. भ्रष्ट तडजोड म्हण हवं तर.

दुसरं, कारखान्याची वार्षिक सभा. सासरे गेल्यावर शेअर सासूबाईंच्या नावावर लागला, पण सभेला जाऊन सही करून यायचे दीर. विषय पत्रिकेवरचा शेवटचा विषय वाचून संपायच्या आत "मंजूर, मंजूर" होतं, माहीत असेल तुला. एका वर्षी मीच सासूबाईंना गाडीत घालून घेऊन गेले. आधी त्यांच्या सहीनं लेखी प्रश्न दिला होता: तोडणी-वाहतुकीच्या करारात खाडा कुठं लिहिलाय, आणि कोप्यांजवळ बायकांना संडास किती? पहिल्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. दुसऱ्याचं आलं: पुढच्या हंगामात माळावर दोन फिरते संडास उभे राहिले. एकाची किल्ली वॉचमनकडं असते आणि वॉचमन बहुतेक चहाला असतो. पण दोन आहेत.

म्हणून आजोबांचा शेअर आता कुणाच्या नावावर आहे ते आधी बघ. वारसनोंद राहिली असेल तर आजीचं किंवा आईचं नाव लावून घे. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. नोटीस त्याआधी येते आणि बहुतेक घरांत कॅलेंडरमागं खोचली जाते. ती काढून प्रश्न द्यायची शेवटची तारीख बघ. प्रश्न लेखी दे, आवक नंबराची पोच घे. आणि आजीला बरोबर ने. एकटी तरुण मुलगी उभी राहिली तर खाली बसवतात, सत्तरीच्या सभासद बाईला बसवायला अजून तरी लाजतात.